वाचकांचे प्रश्न: सायथची धार, भाताचा विळा आणि हलणारी मूठ

प्रश्न : दोन गायींसाठी दहा गुंठे लसूणघास आहे. उभ्याने कापता यावी म्हणून परदेशी पद्धतीचे लांब दांड्याचे सायथ मागवले. आठवडाभर बरे चालले, आता घास कापण्याऐवजी नुसती लोळते. ग्राइंडरवर धार लावून आणली, तरी तेच. कुठे चुकते? (वाचक, संगमनेर)

उत्तर : ग्राइंडरवरच चुकले. ऑस्ट्रियन पद्धतीच्या सायथचे पाते कागदासारखे पातळ ठोकलेले असते. ग्राइंडरवर ते क्षणात तापते. धारेला निळसर डाग दिसत असेल, तर तिथले पाणी उतरले, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला, म्हणून समजा. तेवढा भाग कानशीने, न तापवता, घासून काढावा लागेल.

आपल्याकडे लोहार विळा शेवटून, म्हणजे कड ठोकून पातळ करून, देतो ना, तेच काम इथे स्वतः करायचे, फक्त भट्टीशिवाय. लाकडी ओंडक्यात छोटी ऐरण ठोकून बसवा. अर्धा किलोची हातोडी पुरते. पात्याच्या दांड्याकडच्या बाजूने सुरुवात करून टोकाकडे जायचे. कडेचे तीन-चार मिलिमीटरच ठोकायचे, घाव हलके आणि एकाला एक लागून. घाव जोरात बसला की कडेला झालर पडते आणि पुढे तिथेच चीर जाते. ठोकून झाल्यावर कड अंगठ्याच्या नखावर हलकेच दाबून सरकवा. नखावर कड किंचित उचललेली दिसली, म्हणजे पाते पुरेसे पातळ झाले. चार-सहा तास कापणी झाली की पुन्हा ठोकणी.

निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, मात्र दर पाच मिनिटांनी फिरवायचा. हे कुणाला पटत नाही, म्हणूनच सायथ अडगळीत जाते. कमरेला पाण्याचा डबा बांधा, निसणा त्यातच ठेवा. दांड्याचे टोक जमिनीला टेकवून पाते छातीसमोर धरा. ओला निसणा पात्याला जवळजवळ चिकटवून, मुळापासून टोकाकडे, एकदा वरून एकदा खालून फिरवा. अंगठा निसण्याच्या मागे हवा, कडेवर नको.

आता दांडा. खालची मूठ मांडीच्या सांध्याच्या उंचीवर, वरची तिच्यापासून एक हात अंतरावर. हात म्हणजे आपले जुने माप, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. कापताना पाते उचलू नका. पात्याचे पोट जमिनीला लागून उजवीकडून डावीकडे कमानीत फिरवायचे. जोर खांद्याचा नाही, कंबर वळते त्याचा. एका फेकीत तीन-चार बोटांपेक्षा जास्त घास घेण्याचा मोह सुरुवातीला टाळा, नाहीतर टोक मातीत रुतते. वाफ्याच्या वरंब्याजवळ आणि दगडगोट्यांत विळाच वापरा. लसूणघासाला पुन्हा फुटवे बुडख्यातून येतात, तेव्हा दोन-तीन बोटे बुडखा राखा. नेपियर गवताच्या जाड धाटांना सायथ लावू नका, पाते वाकते.

दवात गवत ताठ असते, पहाटे काप सोपा जातो. पण ती ओली, कोवळी घास तशीच गायींपुढे टाकली तर पोट फुगते. कोमेजू द्या आणि आधी कडबा खाऊ घाला.

प्रश्न : मग भातही सायथने कापता येईल का? (वाचक, रोहा)

उत्तर : युरोपात गहू, ओट कापताना सायथला लाकडी पिंजरा जोडत, म्हणजे ताटे एका बाजूला नीट पडत. पिकलेल्या भाताला तेवढाही हिसका सोसत नाही, दाणे झडतात. शिवाय पेंढ्या बांधायला लोंब्या एका दिशेला हव्यात. भाताला विळाच, आणि तोही दातेरी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा त्यासाठीच आहे. त्याने जमिनीलगत कापता येते, त्यामुळे खोडकिडीच्या अळ्यांना लपायला धसकटे उरत नाहीत. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी करा. त्याआधी आठ-दहा दिवस पाणी काढून टाका, चिखलात विळा चालत नाही. ताटांची चूड मुठीत धरली की विळा मुठीखाली किमान चार बोटे लावा. कापली जाते ती बहुतेक डाव्या हाताची करंगळी.

दातेरी विळा निसण्यावर घासलात तर दाते जातील. बोथट झाला की लोहाराकडून दाते पुन्हा पाडून घ्या.

प्रश्न : विळ्याची मूठ हलते. रात्रभर पाण्यात ठेवली की घट्ट होते, पण दोन दिवसांत परत सैल. (वाचक, अकोले)

उत्तर : होणारच. लाकूड फुगते, वाळले की पहिल्यापेक्षा जास्त आकसते. वाळलेल्या बाभळीची नवी मूठ घ्या, तिच्या तोंडाला साम, म्हणजे धातूचे कडे, बसवून घ्या. भोक विळ्याच्या शेपटीपेक्षा, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकापेक्षा, बारीक पाडा. पात्याला ओले फडके गुंडाळून फक्त शेपूट तापवा आणि सरळ दाबून बसवा. लाकूड जळत जागा होते. टोक मागून बाहेर आले की ते गरम असतानाच वळवून टाका.