बॉसला महागडं घड्याळ, टीमला गिफ्ट्स आणि निम्मा खर्च इएमआयवर: करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीला दीड वर्ष झालं, आता पर्मनंट झालात, मॅनेजरने मधे खूप सांभाळून घेतलं म्हणून त्यांना स्मार्टवॉच द्यायचंय आणि टीममधल्या बाकी ११ जणांनाही काहीतरी. घड्याळ म्हणजे तुमच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगाराच्या ३५ टक्के, बाकीच्यांचं प्रत्येकी २ टक्के धरून, पॅकिंग वगैरे मिळून सगळा खर्च ६० टक्क्यांच्या घरात जातो. निम्मे इमर्जन्सी फंडातून काढणार, निम्मे कार्डावर सहा महिन्यांचा इएमआय. फंडात दोन महिन्यांचा खर्च आहे, महिन्याला पगारातले १० टक्के शिल्लक पडतात आणि कार्डावर आधीची थोडी बाकी आहेच. नवरा म्हणतो वेडेपणा आहे, तुम्ही म्हणताय एकदाच तर करायचंय.

घड्याळ घेऊ नका. बाकीच्यांसाठी काही करायचं असेल तर करा, पण ११ जणांना नाही आणि कर्जाने तर अजिबात नाही. आता का ते सांगतो.

आधी हिशोब, कारण तो सरळ आहे. महिन्याला १० टक्के शिल्लक पडतात आणि खर्च ६० टक्के, म्हणजे सहा महिन्यांची बचत गेली, मग ती फंडातून जाओ नाहीतर इएमआयमधून. इएमआय महिन्याला ५ टक्के खाणार, उरलेल्या ५ टक्क्यांतून फंड परत भरायचा तर तोही सहा महिने चालणार, आणि तोपर्यंत तुमचा ६० दिवसांचा फंड ५० दिवसांवर आलेला असेल. १० दिवस म्हणजे काही फार नाही असं वाटेल, पण दोन महिन्यांचा फंड हाच मुळात कमी आहे, मी तीन ते सहा महिन्यांचा सांगतो, आणि जो आधीच अपुरा आहे त्यातून काढून दुसऱ्याला भेट द्यायची हे मला पटत नाही.

कार्डाचं जरा नीट बघा. जुनी बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू होतो. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाकी तशीच पुढे ढकलत राहिलात तर चक्रवाढीने ते वर्षाला ४२.६ टक्के होतं. आणि 'झिरो इंटरेस्ट' इएमआय म्हणत असाल तर प्रोसेसिंग फी किती आहे ते विचारा आणि रोख घेतलं तर जे डिस्काउंट मिळतं ते इएमआयवर मिळतंय का तेही विचारा, बऱ्याचदा व्याज तिथेच लपलेलं असतं. खरं सांगायचं तर तुमच्याकडे गिफ्टसाठी जे काही पैसे आहेत ते आधी त्या जुन्या बाकीत घाला, इतका खात्रीचा परतावा तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळायचा नाही.

पण मला पैशापेक्षा जास्त खटकलं ते तुमचं 'एकदाच' हे वाक्य. ऑफिसातली भेट एकदाच कधी नसते, पायंडा पडतो. आज तुम्ही १२ जणांना दिलंत की उद्या त्यातले निम्मे तुम्हाला काहीतरी देणार, मग त्यांचे वाढदिवस, लग्नं, बाळं, कोणाचा फेअरवेल, आणि तुम्ही स्वतःच ठरवलेल्या २ टक्क्यांच्या खाली तुम्हाला जाता येणार नाही. नुसते वाढदिवस धरले तरी १२ जणांचे २४ टक्के, म्हणजे दरवर्षी पाव पगार. शिवाय टीममध्ये कोणीतरी असतोच ज्याचा पगार तुमच्यापेक्षा कमी आहे, घरी कमावणारा एकटाच आहे, त्याला आता तुमच्या बरोबरीने द्यावं लागतं. तो बोलून दाखवणार नाही, भिडेपोटी देईल. भीड भिकेची बहीण म्हणतात ते ऑफिसच्या कॉन्ट्रीइतकं दुसरीकडे कुठे लागू होत नसेल.

आता बॉसचं. भेट वरून खाली आली तर कोणाला काही वाटत नाही, मॅनेजरने टीमला दिलं तर छानच. खालून वर गेली की वास येतो, तुमच्या मनात काहीही असो. ज्या माणसाच्या हातात तुमचं अप्रेझल आहे, सुट्ट्या आहेत, पुढचं प्रमोशन आहे त्याला तुम्ही एकटीने पगाराच्या तिसऱ्या हिश्श्याची वस्तू देताय, मग उद्या तुम्हाला चांगलं रेटिंग मिळालं की ते तुमच्या कामाचं की घड्याळाचं हा प्रश्न मागच्या खुर्च्यांवर नक्की चघळला जाणार, आणि नुकसान तुमच्या नावाचं. मॅनेजरचीही पंचाईत, कारण बऱ्याच कंपन्यांत ठरावीक रकमेवरची भेट घेता येत नाही किंवा घेतली तर कळवावी लागते. म्हणजे ते एक तर परत करतील, तुम्ही दोघंही ओशाळाल, किंवा गप्प ठेवतील, जे त्याहून वाईट. पर्मनंट होऊन महिनाही झाला नाही आणि लगेच घड्याळ, हे टायमिंग तर अजूनच नको.

आणि महाग दिलं म्हणजे समोरच्याला जास्त आवडतं हेही खरं नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ मध्ये हे तपासलं होतं, देणाऱ्यांना वाटत होतं की जितकी किंमत जास्त तितकं कौतुक जास्त, घेणाऱ्यांच्या उत्तरांत मात्र किंमत आणि कौतुकाचा तसा संबंध दिसला नाही. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, जोएल वाल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना मिळालेल्या सणाच्या भेटींची त्यांनाच किंमत करायला लावली, तर भेटीच्या मूळ किमतीतला १० टक्क्यांपासून ते एक तृतीयांशपर्यंतचा भाग वाया जातो असा अंदाज निघाला. आणि त्या भेटी घरच्यांच्या आणि मित्रांच्या, म्हणजे निदान आवड माहीत असलेल्यांच्या होत्या. मॅनेजर मनगटावर काय घालतात हे तरी तुम्हाला नक्की माहितीये का?

मग मॅनेजरना काय द्यायचं तर पत्र. हसू नका. अर्धं पान, स्वतःच्या हाताने, त्यांनी नेमकं कधी काय केलं आणि त्यामुळे तुमचं काय झालं ते लिहा, 'आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार' असलं छापील नको. २०१८ मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या अभ्यासात लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली होती, लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, प्रत्यक्षात घेणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आनंद झाला आणि अवघडलेपण कमी वाटलं. खर्च शून्य, पॉलिसीचा प्रश्न नाही. त्यातही एक ओळ त्यांच्या वरिष्ठांना मेलवर कळवलीत तर मॅनेजरना ती घड्याळापेक्षा जास्त उपयोगी पडेल. टीमने मिळून कधी काही द्यायचं ठरवलं, फेअरवेलला वगैरे, तर तेव्हा सगळ्यांच्या बरोबरीने घाला, जास्त नाही.

टीमपैकी तुम्हीच लिहिलंय की खरी मदत तिघांनी केली. मग त्या तिघांनाच द्या, पण ऑफिसच्या बाहेर, बाकीच्यांसमोर डेस्कवर ठेवून नाही. छोटंसं, वापरून संपेल किंवा टेबलावर राहील असं. परफ्यूम, कपडे नको, ऑफिसात ते फार जवळचं होतं. गिफ्ट कार्ड दिलंत तर किंमत छापूनच जाते, आणि मग घेणारा तेवढ्याच किमतीचं परत द्यायला बघतो. बाकी आठ जणांना एक दिवस खाऊ आणलात तरी झालं.

पुढच्यासाठी: महिन्याला पगाराच्या १ टक्का वेगळ्या खात्यात टाका, वर्षाला १२ टक्के जमतात. वाढदिवसाच्या कॉन्ट्रीला प्रत्येकी अर्धा टक्का धरला तर १२ जणांचे ६ टक्के, उरलेल्या ६ मधून लग्न, बाळ, फेअरवेल जे येईल ते. खातं रिकामं झालं की त्या वर्षी फक्त शुभेच्छा, कोणी विचारलं तर 'या महिन्यात जमत नाहीये' एवढं पुरे, कारणं सांगत बसू नका. कॉन्ट्री गोळा करायचं काम तुमच्या गळ्यात पडलं तर दोन गोष्टी पाळा. कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका. आणि आधी पैसे, मग खरेदी, नाहीतर वस्तू तुमच्या कार्डावर येते आणि दोघं-तिघं 'उद्या पाठवतो' म्हणत महिना काढतात, त्याचं व्याज तुम्ही भरता. हे मी इतक्या लोकांच्या स्टेटमेंटमध्ये बघितलंय की आता पहिल्याच मीटिंगला विचारतो.

मेलच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की घड्याळ कार्टमध्ये आहे, एका ठिकाणी मात्र 'मागवलं' असाही शब्द आलाय. मागवलं असेल तर आजच कॅन्सल करा, डिलिव्हरी झाली असेल तर बॉक्स न फोडता रिटर्नची मुदत बघा, आणि इएमआय चालू झाला असेल तर रिटर्ननंतर तो बंद झालाय का हे बँकेकडून लेखी घ्या, कारण दुकानाने पैसे परत केले तरी इएमआय आपोआप थांबेलच असं नाही आणि प्रोसेसिंग फी बहुधा परत मिळत नाही.