प्रश्न तुमचे : एका वायरने एवढा अपघात?

प्रश्न : माझी लेक लंडनला असते. रोज क्लॅपम जंक्शनवरून लोकलने वॉटर्लूला जाते. तिथे १९८८ साली एका मेकॅनिकच्या हलगर्जीपणामुळे गाड्या धडकल्या म्हणे. एका वायरने असं होतं? त्याला शिक्षा काय झाली?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होतं, ताई. सिग्नल खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून सांगतो.

गाडी रुळावर आली की त्या तुकड्याचा रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो, म्हणजे बंद होतो, आणि मागचा सिग्नल लाल होतो. क्लॅपमला नवं सिग्नलिंग बसवताना जुनी वायर रिलेवरून सोडवली, पण छाटली नाही. दुसरं टोक फ्यूजला जोडलेलंच राहिलं. असं टोक छाटायचं, टेप गुंडाळायची, लांब बांधून टाकायचं, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवत. पंधरा दिवसांनी, ११ डिसेंबरच्या रविवारी, शेजारच्या रिलेचं काम करताना ती वायर हलली आणि जुन्या जागी टेकली. तिच्यातून रिलेला वीज मिळत राहिली. सोमवारी सकाळी बेसिंगस्टोकची गाडी पुढे उभी असूनही रिले पडलाच नाही, मागचा सिग्नल लाल झाला नाही. मागून पूल नावाच्या गावाहून निघालेली गाडी येऊन आदळली. समोरून येणारी तिसरी, रिकामी गाडीही त्यात सापडली. ३५ माणसं गेली, त्यातली बरीचशी कामावर निघालेली.

पण 'हलगर्जीपणा' हा शब्द मला खटकला. चौकशीत निघालं की ते काम करणाऱ्या मेकॅनिकला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. सलग रात्रपाळ्यांनंतर पहाटे चारला वायरी जोडायच्या टर्मिनलवरचे नंबर मला स्वतःला दोन-दोन दिसलेत. फरक एवढाच की आमचे साहेब ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक वायर मोठ्याने मोजायला लावत. राग यायचा तेव्हा. क्लॅपमला वायरी कोणी मोजल्याच नाहीत.

अँथनी हिडन यांच्या चौकशीने ९३ शिफारशी केल्या. सिग्नलवाल्यांचे कामाचे तास बांधले गेले, तपासणी दुसऱ्याने करायची असं ठरलं. आपल्याकडे २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजारला रेल्वे अपघातात २९० हून अधिक माणसं गेली, तिथेही सिग्नलच्या वायरिंगमधली चूकच निघाली. बातमी वाचून रात्रभर झोप नव्हती.

शिक्षेचं विचारलंत. त्याच्यावर खटला झाला नाही. ब्रिटिश रेलला अडीच लाख पौंड दंड झाला. मला तेच रास्त वाटतं.