वाचकांचे प्रश्न : जुन्या साड्या, नवा व्यवसाय

प्रश्न : जुन्या सुती साड्या नैसर्गिक रंगांत रंगवून त्यांचे कुर्ते विकण्याचा व्यवसाय मला सुरू करायचा आहे. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : भांडवलाआधी रंगाच्या पक्केपणाचा विचार करावा, कारण पहिल्याच धुण्यात रंग गेला तर गिऱ्हाईक परत येत नाही. हळदीचा पिवळा उन्हात लवकर उडतो. त्याऐवजी डाळिंबाची साल वापरावी. कापड स्वच्छ धुऊन आधी हिरड्याच्या काढ्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवले, तर मंजिष्ठेचा लाल रंग सुती धाग्यावर चांगला धरतो. निळीची कृती मात्र निराळी असते आणि ती जाणकाराकडून प्रत्यक्षच शिकावी. प्रत्येक रंगाचा नमुना अर्धा झाकून काही दिवस उन्हात ठेवावा, म्हणजे फरक लगेच कळतो. साडीत पॉलिस्टर मिसळलेले असल्यास हे रंग नीट चढत नाहीत.

शिवणाऱ्या स्त्रियांची पुरेशी मजुरी किमतीत धरावीच. ती कापून स्वस्त केलेल्या कपड्याला पर्यावरणपूरक म्हणणे मला मान्य नाही. लहान उद्योगांसाठी असलेली सरकारची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.