वाचकांचे प्रश्न : कानामुळे येणारी चक्कर आणि ताटातले मीठ

प्रश्न : मी 57 वर्षांची असून नागपुरात राहते. गेल्या दिवाळीपासून मला अधूनमधून अचानक गरगरायला लागते. आधी डाव्या कानाला दडा बसतो, कानात गुंईगुंई आवाज सुरू होतो आणि मग दोन-तीन तास सगळी खोली फिरत राहते, उलट्याही होतात. श्रवणचाचणी केल्यावर डॉक्टरांनी मेनिएरचा आजार असल्याचे सांगितले, बीटाहिस्टीनच्या गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करायला सांगितले. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि रक्त पातळ राहावे म्हणून अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू आहे. मुलाने जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि लिंबातील बायोफ्लेव्होनॉइडच्या गोळ्या मागवल्या आहेत, तर जाऊबाई म्हणतात की साधे मीठ सोडून सैंधव सुरू केले की हा त्रास जाईल. मी काय करावे?

उत्तर : चक्कर आली की दोष डोक्यात असणार, असे पूर्वी डॉक्टरही मानत असत. हा दोष आतल्या कानातही असू शकतो, हे पॅरिसच्या प्रॉस्पर मेनिएर यांनी 1861 मध्ये मांडले. आतल्या कानाच्या नाजूक पडद्यांमध्ये जे द्रव असते ते या आजारात प्रमाणाबाहेर साठते, आणि म्हणून ऐकणे व तोल सांभाळणे या दोन्ही कामांवर एकाच वेळी परिणाम होतो. आपण लिहिलेला क्रम, म्हणजे आधी दडा, मग आवाज आणि मग काही तास गरगरणे, या आजाराशी जुळणारा आहे.

मुलाने आणलेल्या गोळ्या कृपया बाजूला ठेवाव्यात. जिंकोने मेनिएरचे झटके थांबतात असा भरवशाचा पुरावा नाही, आणि आपल्याला अ‍ॅस्पिरिन चालू असल्यामुळे तिच्या जोडीने रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. बायोफ्लेव्होनॉइडने सहसा अपाय होत नाही, पण उपयोग होतो असेही सिद्ध झालेले नाही. ‘मला तर फरक पडला’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. हा आजारच असा आहे की कित्येक महिने छळतो आणि मग आपणहून शांत होतो, आणि त्या वेळी जी गोळी चालू असेल तिला श्रेय मिळते. जर्मनीत 221 रुग्णांवर बीटाहिस्टीनची नऊ महिने चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत औषध घेणाऱ्यांचे झटके जेवढे कमी झाले, जवळजवळ तेवढेच नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचेही झाले होते. म्हणून आपण बीटाहिस्टीन परस्पर बंद करावे असे मी म्हणत नाही. काही रुग्णांना ते देऊन पाहणे योग्य मानले जाते आणि तो निर्णय आपल्या डॉक्टरांचा आहे. आपण बी-कॉम्प्लेक्सही घेत असाल, तर मात्र एक इशारा द्यायला हवा. त्यातले बी-6 जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास पायांच्या नसांना इजा होऊन तोल आणखी बिघडतो.

सैंधवाविषयी जाऊबाईंची समजूत फार प्रचलित आहे, पण सैंधव काय, काळे मीठ काय, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ आपल्यासाठी त्याहून वाईट आहे, कारण त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. टेल्मिसार्टन घेणाऱ्यांच्या रक्तातले पोटॅशियम आधीच वाढू शकते आणि ते फार वाढले तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

मीठ कमी केल्याने झटके कमी होतातच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात मीठ, कॅफिन किंवा मद्य कमी करण्याविषयी निकषांत बसणारी एकही चाचणी सापडली नव्हती. तरीही आपला रक्तदाब पाहता हे पथ्य दोन्ही अंगांनी करण्यासारखे आहे. सहसा दिवसाला 1500 ते 2000 मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा सांगितली जाते, आणि सुमारे 5 ग्रॅम मिठात, म्हणजे जेमतेम एका सपाट चहाच्या चमच्यात, 2000 मिलिग्रॅम सोडियम असते. सकाळीच सपाट अर्धा ते पाऊण चमचा मीठ एका लहान वाटीत काढावे, आपला वाटा अळणी शिजवावा आणि दिवसभर त्याच वाटीतले मीठ वरून घ्यावे. वाटी संध्याकाळपूर्वी रिकामी झाली, तर गडबड कुठे होते ते आपोआप कळेल.

बहुतेकदा ती गडबड भाजीत नसते. उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेले पापड, कुरड्या, सांडगी मिरची आणि लोणचे यांतून मीठ नकळत पोटात जाते. पापडाच्या खारात तर मिठाव्यतिरिक्तही सोडियम असते. तर्रीपोहे किंवा सावजी रस्सा बाहेर खाल्ला, तर त्या दिवसाचा हिशेब कोलमडलाच म्हणून समजा. आठवडाभर अळणी खाऊन रविवारी अशी मेजवानी करण्यापेक्षा रोज सारखेच, बेताचे मीठ खावे, असे माझे मत आहे. सोडियमची पातळी एकदम वरखाली होऊ नये, हाच या पथ्यामागचा तर्क आहे. पाण्याचेही तसेच आहे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना दिवसभर थोडे थोडे पाणी प्यावे, पण लू लागेल या भीतीने रोज ओआरएस पिऊ नये, कारण एक लिटर ओआरएसमध्ये सुमारे 1700 मिलिग्रॅम सोडियम असते. जुलाब किंवा उन्हाचा झटका आला तर मात्र ते औषधच आहे आणि तेव्हा पथ्याचा विचार करू नये. चहा एकदम सोडण्याची गरज नाही. दोन कप ठेवून फरक पाहावा. पोटॅशियमच्या धास्तीने संत्रीही सोडू नयेत; मूत्रपिंडे ठीक असतील तर ती खुशाल खावीत.

एका वहीत झटक्याची वेळ, तो किती मिनिटे टिकला, आदल्या दिवशी काय खाल्ले आणि झोप कशी झाली, एवढे दोन महिने लिहून ती कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी. चक्करेसोबत बोलणे अडखळले, एकाची दोन दृश्ये दिसली, चेहरा वाकडा झाला किंवा एका अंगातली शक्ती गेली, तर कानाचा आजार आहे असे समजून घरी पडून न राहता तत्काळ मोठ्या रुग्णालयात जावे.

प्रश्न : वय 66. अंथरुणात कूस बदलली की अर्धा मिनिट गरगरते, मग ठीक होते. ऐकू नीट येते. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून महिनाभर मीठ जवळजवळ बंद केले आहे. बरोबर आहे का?

उत्तर : आपले वर्णन मेनिएरचे नाही. आतल्या कानातले कॅल्शियमचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की असा त्रास होतो. डोके एका बाजूला वळवून झटकन आडवे करण्याच्या डिक्स-हॉलपाइक तपासणीत ते कळते आणि एप्लेच्या पद्धतीने मान ठरावीक क्रमाने फिरवून बहुधा एक-दोन बैठकींत त्यांना जागेवर आणता येते. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन दाखवावे. पूरक गोळीचा खरा उपयोग इथे असू शकतो. कोरियात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व दर मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते त्यांना ड आणि कॅल्शियम दिल्यावर हा त्रास पुन्हा होण्याचे प्रमाण सुमारे 24 टक्क्यांनी घटले. नागपुरासारख्या उन्हाच्या गावातही, दुपारी घराबाहेर न पडणाऱ्यांमध्ये ही कमतरता आढळते, म्हणून आधी रक्त तपासून घ्यावे. या चकरेसाठी मीठ बंद ठेवण्याचे कारण नाही, आणि या वयात ते फार घटले तर त्यानेच अशक्तपणा व झोकांड्या येऊ शकतात. एप्ले करून घ्यायला जाताना सोबत कोणाला तरी न्यावे, कारण त्यानंतर थोडा वेळ पाय लटपटतात आणि स्वतः गाडी चालवत परतणे बरे नव्हे.