हार्ड डिस्क बदलण्याआधी केबल बघा

मुलुंडहून एका वाचकांचा प्रश्न: दुकानदाराने ‘६ जीबीपीएस’ (सेकंदाला ६ गिगाबिट) छापलेली महागडी साटा केबल, म्हणजे डिस्क मदरबोर्डला जोडणारी डेटा केबल, गळ्यात मारली. जुन्या केबलवर असं काहीच छापलेलं नाही. नवी एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क) जुन्या केबलवर हळू चालेल का?

नाही. साटाचा ६ गिगाबिटचा टप्पा २००९ मध्ये आला, पण केबल तीच राहिली, सात पिनांची. जुनी केबल धड असेल तर एसएसडीला काही फरक पडत नाही. ६ गिगाबिट म्हणजे तरी किती? एका बाइटचे आठ बिट पाठवायला तारेतून दहा बिट जातात, त्यामुळे हाती येतात सेकंदाला जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते. फिरणारी हार्ड डिस्क दीडशे-अडीचशेतच दमते.

पैसे मोजायचेच तर छापील अक्षरांसाठी नको, टोकाला असलेल्या स्टीलच्या क्लिपसाठी मोजा. लावताना ‘टक्’ आवाज आला की केबल आपोआप निसटत नाही. लांबीची मर्यादा एक मीटर आहे, पण साध्या कॅबिनेटला अर्धा मीटर भरपूर झाला.

गिरगावहून: मोठ्या फाइल कॉपी करताना पीसी मध्येच अडकतो, मग पुन्हा चालू होतो. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर डिस्क ‘गुड’ दाखवतं, पण ‘सी७’च्या ओळीतला आकडा वाढतोय. दुकानात म्हणाले, डिस्क गेली, नवी घ्या.

थांबा, एवढ्यात खिशात हात घालू नका. सी७, म्हणजे १९९ क्रमांकाची नोंद, डिस्कच्या पोटातली नाही. डिस्क आणि मदरबोर्डच्या मधल्या वाटेवर माहिती किती वेळा बिघडून पोचली, ते ती मोजते. बिघडलेला तुकडा परत मागवला जातो, म्हणून फाइल सहसा शाबूत राहते आणि तुम्हाला फक्त अडखळणं दिसतं. हा आकडा मूळ सेटिंगमध्ये हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, दिसतो, तेव्हा ‘१ए’ दिसलं तर २६ समजा.

केबल बदलल्यावरही तो कमी होणार नाही, हे लक्षात ठेवा. इथेच बरेचजण फसतात आणि नव्या केबललाही नावं ठेवतात. आजचा आकडा कागदावर लिहा, केबल बदला, मग मोठा डेटा कॉपी करून बघा. आकडा जागचा हलला नाही तर दोष केबलचा होता, डिस्कचा नाही. मात्र ०५, सी५ किंवा सी६ या, डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या ओळी वाढत असतील तर दुकानदाराचं म्हणणं खरं. मग आधी बॅकअप घ्या, बाकीचं नंतर.

केबल बदलताना आणखी एक बघा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डिस्कच्या मागचा सरळ कनेक्टर कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला टेकलाय. झाकण लावलं की पत्रा त्याला दाबतो, तो किंचित तिरका होतो आणि पिना अर्धवट टेकतात. झाकण उघडं ठेवून तपासलं तर सगळं सुरळीत! अशा जागी एल आकाराचं टोक लागतं. पण घेण्याआधी ते वर वळतं की खाली, हे बघा. एकाखाली एक डिस्क असतील तर चुकीच्या बाजूला वळलेलं टोक शेजारच्या डिस्कच्या कनेक्टरवर आदळतं. मदरबोर्डवर आडवे, जोडीने असलेले पोर्ट असतील तर तिथे सरळ टोकच बरं, एलमुळे शेजारचं पोर्ट झाकलं जातं.

समुद्राची दमट हवा पिनांना मानवत नाही. केबल एकदा काढून परत बसवली तरी पिना घासून निघतात आणि कधीकधी तेवढ्यानेच काम भागतं. पण दर रविवारी हा उद्योग नको. आतले साटा कनेक्टर साधारण ५० वेळा काढण्या-घालण्याच्या हिशेबानेच बनवलेले असतात.

विक्रोळीहून: चार हार्ड डिस्क बसवायच्या आहेत, एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) पॉवरचं एकच टोक मोकळं आहे. लॅमिंग्टन रोडवर एकाचे चार करणारा स्प्लिटर मिळतोय. शिवाय मित्राकडे त्याच्या जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसची केबल पडून आहे, ती माझ्या एसएमपीएसमध्ये बसतेही. काय वापरू?

दोन्ही नको. डेटा केबल चुकली तर पीसी अडखळतो. पॉवर चुकली तर डिस्क जळते.

साटा पॉवरच्या एका पिनेला दीड अँपियर झेपतो. १२ व्होल्टसाठी तीन पिना, म्हणजे साडेचार अँपियर. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास खेचते. एका टोकावर दोन डिस्क कशाबशा चालतील. चार एकदम फिरायला लागल्या की आठ अँपियर होतात, ते त्या तीन पिनांनी कुठून सोसायचे?

एसएमपीएसचं जुन्या धाटणीचं चार पिनी टोक, म्हणजे मोलेक्स, मोकळं असेल तर त्यावरून दोन डिस्कना पॉवर घ्या, त्याच्या पिना जाड असतात. फक्त अडॅप्टरचं साटा टोक मागून नीट न्याहाळा. वायरी अखंड ओतीव प्लास्टिकमध्ये गुडूप झाल्या असतील तर ठेवून द्या. असं टोक ओतताना आतल्या तारा सरकलेल्या असू शकतात, त्या एकमेकींना टेकल्या की धूर. प्रत्येक वायर वेगळी दिसते आणि मागे टोपण बसवलेलं असतं, तो प्रकार घ्या.

मित्राची केबल मित्राला परत करा. मॉड्युलर केबलचं एसएमपीएसकडचं टोक कोणत्याही एका मानकाने ठरलेलं नाही. ते बसतं, पण ५ व्होल्टच्या जागी १२ येऊ शकतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. उरलेल्या दोन डिस्कसाठी तुमच्याच मॉडेलची जादा केबल मागवा. ती मिळाली नाही तर सरळ मोठा एसएमपीएस घ्या. चार डिस्कवरच्या डेटापुढे तो खर्च काहीच नाही.

दादरहून: एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसणारी पट्टी) बसवली आणि दोन हार्ड डिस्क गायब झाल्या!

कुठे गेल्या नाहीत. बऱ्याच बोर्डांवर एम.२चा स्लॉट आणि काही साटा पोर्ट एकाच वाटेवर असतात. स्लॉट भरला की ते पोर्ट बंद. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, त्यात बघून केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

बोरिवलीहून अकरावीतला एक वाचक: काचेचं कॅबिनेट घेतलंय. सगळ्या केबल केबल टायने घट्ट बांधून एक जाड गुंडाळा केला तर चालेल का? दिसायला भारी वाटतं.

पॉवरच्या वायरी बांध हवं तर. साटा डेटा केबलची मात्र घट्ट मोळी बांधू नकोस आणि त्यांना घडी घालू नकोस. आत बारीक तारांच्या जोड्या असतात, तीव्र वळणावर त्यांचं एकमेकींपासूनचं अंतर बिघडतं. सैल वळसा दे. प्लास्टिक टायऐवजी वेल्क्रोची पट्टी वापर, म्हणजे केबल बदलायची वेळ आली की कात्री घेऊन अंदाजाने कापत बसावं लागणार नाही. कनेक्टरपाशी दोन बोटं ढील ठेव. आणि बांधायच्या आधी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना डिस्कच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहून चिकटव. काचेतून ते दिसतील, पण राहू दे.