रक्तात टीडीपी-४३ शोधण्याआधी ईएमजी नीट करून घ्या

प्रश्न सिडकोतल्या ताईंचा आहे. वडील ६१ वर्षांचे, उजव्या हाताची पकड सैल झालीय, डॉक्टरांना मोटर न्यूरॉन डिसीजची (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी झिजण्याचा आजार) शंका आहे. बिघडलेलं प्रोटीन लवकर दाखवणारी रक्ततपासणी नाशिकमध्ये होते का?

ताई, ते प्रोटीन म्हणजे टीडीपी-४३. या आजारातलं बिघडलेलं प्रोटीन हेच, हे २००६ साली ओळखलं गेलं. एएलएसच्या (मोटर न्यूरॉन डिसीजचा सर्वांत जास्त दिसणारा प्रकार) सुमारे ९७ टक्के रुग्णांत त्याचा बिघाड सापडतो. एसओडी१ आणि एफयूएस जनुकांतल्या दोषामुळे होणारे प्रकार वेगळे, त्यांत हा बिघाड सहसा नसतो. सगळे त्याच्या गुठळ्यांबद्दल बोलतात, पण खरं नुकसान त्याआधीच सुरू होत असावं. याची जागा पेशीच्या केंद्रकात. आरएनए (जनुकाचा निरोप नेणारा रेणू) जुळवताना नको ते तुकडे गाळणं हे याचं काम, द्राक्षबागेतल्या विरळणीसारखं. ते केंद्रकातून बाहेर गेलं की नको तो तुकडा आरएनएतच राहतो आणि स्टॅथमिन-२ या प्रोटीनचा निरोप मध्येच तुटतो. मणक्यापासून बोटांपर्यंत जाणारा लांब तंतू टिकवायला आणि पुन्हा वाढवायला हेच स्टॅथमिन लागतं.

हे सगळं मज्जारज्जूत आणि मेंदूत घडतं. रक्तातल्या टीडीपी-४३वरून निदान करणारी मान्य तपासणी आज नाही. कुणी पॅकेजमध्ये घालून देत असेल तर पैसे घालवू नका.

न्यूरोफिलामेंट लाइट चेन या चेतातंतूंतल्या प्रोटीनची रक्ततपासणी मात्र असते. नमुना बहुधा बाहेरगावी जातो. तंतू तुटले की ती वाढते, कशामुळे तुटले ते सांगत नाही. वय, स्ट्रोक, न्यूरोपथी, किडनीचा त्रास यांतही आकडा चढतो. म्हणून क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) सोबत बघा. पुढे पुन्हा करायची झाली तर त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने. सीरम आणि प्लाझ्माचे आकडे एकमेकांशी ताडू नका.

जनुक तपासणी घरात कुणाला आजार नसला तरी विचारा. एसओडी१चा दोष जेमतेम २ टक्के रुग्णांत निघतो, पण त्यावर टोफर्सेन हे औषध आहे (अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर): पाठीतून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, पहिले तीन डोस १४-१४ दिवसांनी, मग दर २८ दिवसांनी. निकाल भावंडांनाही लागू पडतो, तेव्हा आधी समुपदेशन घ्या.

पण सगळ्यांत आधी ईएमजी-एनसीव्ही (सुईने स्नायूंची आणि विजेच्या हलक्या झटक्यांनी नसांची तपासणी) आणि मानेचा एमआरआय. सुई फक्त कमजोर हातात नको. पाय, पाठीचे स्नायू, जीभ किंवा हनुवटीखालचा स्नायूही तपासायला सांगा. रिपोर्ट आला की त्यात 'कंडक्शन ब्लॉक' (नसेतला संदेश मध्येच अडणं) लिहिलंय का ते लगेच बघा. मल्टिफोकल मोटर न्यूरोपथी या नसांच्या वेगळ्या आजारात हात असाच कमजोर होतो, आणि ती इम्युनोग्लोब्युलिनने सुधारू शकते.