जीपीएस बंद पडलं तर पायलट रस्ता चुकतो का?

ढगात किंवा रात्री जीपीएस बंद पडलं तर काय, असं तुम्ही विचारलंय. सहसा काही बिघडत नाही. मी धुळ्यात विमान उडवायला शिकलो. सुरुवातीला आम्हाला जीपीएसकडे बघूही देत नसत. नकाशा, होकायंत्र, घड्याळ, बस्स.

धुळे-जळगावच घ्या. हवाई अंतर साधारण 50 सागरी मैल, दिशा जवळपास सरळ पूर्व, म्हणजे 100 नॉटने (तासाला 100 सागरी मैल) अर्धा तास. उत्तरेकडून 10 नॉटचा आडवा वारा असेल आणि तुम्ही नाक पूर्वेलाच धरून बसलात, तर अर्ध्या तासाने जळगावच्या 9 किलोमीटर दक्षिणेला, कुणाच्या तरी कपाशीवर घिरट्या घालत असाल. म्हणून नाक 6 अंश वाऱ्याकडे ठेवायचं. मग ठरल्या मिनिटाला पारोळा, एरंडोल, गिरणेवरचा बांभोरीचा पूल खालून गेले की हिशेब जमला. नद्यांवर फार भिस्त ठेवू नका. नकाशात निळीशार असलेली बोरी मे महिन्यात वरून नुसती वाळू दिसते. त्यापेक्षा महामार्ग बरा. अगदीच भरकटलात तर उत्तर धरा, तापी आडवी येतेच.

दिशा दाखवणारा जायरो (वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारं यंत्र) हळूहळू सरकतो, त्यामुळे दर 15 मिनिटांनी तो होकायंत्राशी जुळवायचा. तोही सरळ, स्थिर उडताना, कारण वळणात होकायंत्रच चुकीचं दाखवतं.

ढगात खाली बघून खुणा जुळवणं थांबतं. तिथे जमिनीवरची रेडिओ केंद्रं कामी येतात: व्हीओआर सांगतं आपण केंद्राच्या कोणत्या दिशेला आहोत, डीएमई सांगतं किती लांब. डीएमई तिरकं अंतर मोजतं, म्हणून केंद्राच्या बरोबर डोक्यावर 6000 फुटांवर असतानाही ते 1 सागरी मैल दाखवतं. नवशिक्याला हे खरं वाटत नाही.

मोठ्या प्रवासी विमानांत याशिवाय इनर्शियल यंत्रणा असते. निघण्याची जागा भरून द्यायची. पुढे प्रत्येक वळण आणि वेगातला प्रत्येक बदल मोजून ती आपली जागा स्वतः काढते, बाहेरचा सिग्नल लागत नाही. तास वाढतील तशी चूकही वाढते, म्हणून जीपीएस किंवा डीएमईने ती सुधारत राहतात. युद्धाच्या टापूजवळ जीपीएसचे खोटे सिग्नल सोडले जातात, तेव्हा पायलट जीपीएस बाजूला ठेवून इनर्शियल यंत्रणा आणि जमिनीवरची रेडिओ केंद्रं या दोन जुन्या गोष्टींवर उडतात.